अर्धी खाट

बरक्याच्या या खोलीत खिडकीच्या काचेला
आम्ही चांदीचा कागद चिकटवलाय,
तोच, ज्यात कँटीनवाला पोळ्या गुंडाळून देतो.
बाहेर सकाळचे सात, आत मध्यरात्र,
असं आम्ही उन्हाला सांगून ठेवलंय.
ऊन ऐकत नाही.
कागदाला सुईएवढं भोक आहे
आणि अकराच्या सुमाराला ते नेमकं माझ्या पापणीवर येतं.

खाट एक, माणसं दोन.
दाभोळचा इक्बाल हमदुले दिवसपाळीला,
मी खाडीपलीकडच्या वेलदूरचा, रातपाळीला.
तो उठतो तिथे मी पडतो.
नऊ वर्षांत गादीला पडलेला खड्डा त्याच्या मापाचा.
मी त्यात दुसऱ्याच्या चपलेत पाय घालावा तसा शिरतो.

रात्रभर पडद्यासमोर.
समुद्र एका बाजूने आत येतो,
मेंब्रेनमधून दाबून काढला की गोड होतो.
उरलेलं पाणी, दुप्पट खारट,
आम्ही निमूट परत समुद्रात सोडतो.
दर दहा मिनिटांनी आकडा लिहायचा:
दाब, क्षार, दाब, क्षार.
डोळ्यांत साचतं त्याला रकाना नाही.

आधी नावं गेली.
मग एका सकाळी हमदुलेला म्हणालो,
अरे ते दे ना... ते... डोक्याखालचं.
तो हसला. मीही हसलो.
त्याने दिलं, पण शब्द दिला नाही.

मग लिंबावरून भांडलो.
वरणात पिळायला अर्धं लिंबू कमी मिळालं म्हणून
कँटीनच्या पोरावर ताट फेकलं मी,
ज्याने आयुष्यात कुणाला अरे-तुरे केलं नव्हतं.
पोट सुटलं. हात कापायला लागले.
रात्री तीनला चार चमचे साखरेचा चहा,
वर बिस्किटं, वर पुन्हा भूक.
फोनवर बायको म्हणाली, तुम्ही ऐकताय ना?
मी म्हणालो, हो.
ती म्हणाली, मग मी आत्ता काय म्हणाले?

हमदुले सुट्टीवर गेला, लेकीच्या निकाहला. चाळीस दिवस.
खाट पूर्ण माझी.
पहिल्या दिवशी मी राजासारखा आडवा पडलो,
आणि छताकडे बघत राहिलो दुपारच्या तीनपर्यंत.
टँकर मागे येताना पीं पीं करतो, तो मोजला.
एसीचं पाणी बादलीत, ते मोजलं.
झोप नव्हती असं नाही;
ती दाराबाहेर चपला काढून उभी होती
आणि आत यायचं कसं, ते विसरली होती.

मग ती रेघ.
दोन चाळीसचा आकडा लिहिला, दोन पन्नासचा लिहायला गेलो,
आणि पेन पानावरून खाली उतरत गेलं,
तिरकं, शांत, कडेपर्यंत.
वर अलार्म लाल होता, केव्हाचा, कोण जाणे.
सालिम अल-मामरी ओरडला नाही.
रेघेशेजारी पट्टी ठेवून त्याने विचारलं,
ही कुठे चालली होती?
मलाही ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर शीजा.
किती तास झोपता?
पाच, म्हणालो, गणितात पास झाल्याचं सांगावं तसं.
खरं सांगा.
साडेतीन. तेही तुकड्या-तुकड्यांनी.
किती वर्षं?
त्याचं उत्तर द्यायच्या आत
तिने दंडाला पट्टा बांधला, हवा भरली.
पट्टा आवळत गेला.
इतकं घट्ट मला बऱ्याच दिवसांत कुणी धरलं नव्हतं.

पुढचं मला कागदावरून कळलं.
एकशे सत्तर, एकशे आठ.
साखर पुन्हा तपासावी. पाळी बदलावी, असं कंपनीला पत्र.
आणि खाली, कोपऱ्यात, हाताने:
रुग्ण खुर्चीतच झोपला. अकरा मिनिटं. उठवलं नाही.

पत्र ऑफिसात दिलं. बघू, म्हणालेत.
संध्याकाळच्या बसला अजून दोन तास आहेत.
हमदुले परवा परततोय.
सकाळी चादर झटकताना हातात
ती कापसाची, चौकोनी, मधोमध दबलेली वस्तू आली,
आणि मी तिच्याकडे बघत उभा राहिलो,
ओठ थोडे हलवत.